आप्पा धूर बघतात

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट मी रोज सकाळी ओल्या कापडानं पुसते. दुपारपर्यंत तिच्यावर परत काजळी! खिडकीच्या पलीकडं सासऱ्यांचं डिझेल गॅरेज आहे, त्यामुळं इलाज नाही. किस्स्यांचंही तसंच. एखादा कुणाला तरी सांगून मोकळं व्हावं, तर तेवढ्यात दुसरा येऊन बसलेला असतो. लग्नाला अजून वर्षही झालं नाही, पण आत्ताच पुसून संपत नाहीत इतके साठलेत.

मी फारशी बोलत नाही. सुरुवातीला शेजारणी सासूबाईंना विचारायच्या, "सून बोलती का न्हाई?"

सासूबाई सांगायच्या, "बोलती की! मिक्सर बंद आसला की ऐकू येतं."

न बोलण्याचा फायदा असा, की लोक आपल्यासमोर बिनधास्त बोलतात. शिरूरच्या बाहेर, न्हावऱ्याच्या रस्त्याला आमचं घर आणि गॅरेज एकाच पत्र्याखाली. गॅरेजचे मालक आप्पा, माझे सासरे. मेकॅनिक म्हणजे आमचे हे, विकास. घरात आई, म्हणजे सासूबाई. झालो चार.

आणि ह्या चौघांत इतके महिने एकच घोर होता. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ते ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते. आप्पांचा सगळा नावलौकिक कशावर? तर सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराचा रंग बघून इंजिनाचं दुखणं सांगण्यावर! कुणी डोळ्यांचा विषय काढला की त्यांचा एकच सवाल, "माझा एक तरी धूर चुकलाय का?"

नव्हताच चुकला. तिथंच तर सगळ्यांची तोंडं बंद व्हायची.

*

पहिला किस्सा माझ्या लग्नाचाच. लग्न दौंडला, माझ्या माहेरी. वरात जीपमधून शिरूरकडं निघाली. डेकोरेशनवाल्यानं जीपचं तोंड झेंडूच्या माळांनी आणि पांढऱ्या जाळीच्या कापडानं असं काही मढवलं होतं की दिवेसुद्धा शोधावे लागत होते. भीमेचा पूल ओलांडून गाडी चढाला लागली आणि मागून हा काळा धूर! मागच्या टेम्पोतलं वऱ्हाड खोकायला लागलं. गाडी थांबली.

नवरदेवाकडचं वऱ्हाड म्हणजे निम्मे मेकॅनिक, निम्मे ड्रायव्हर. सगळे उतरले. एक म्हणाला नोझल, दुसरा म्हणाला पंप, तिसऱ्यानं टर्बोवर शंका घेतली. शेरवानीतला नवरदेव बॉनेट उघडून आत वाकला. सासूबाई टेम्पोतून ओरडल्या, "आरं, मुंडावळ्या पंख्यात जातील!"

जीपमध्ये मी एकटी. कुणाच्या लक्षातसुद्धा नाही.

मग आप्पा आले. "गप बसा समदी. पांढरा फडका आना."

आप्पांची ही पद्धतच आहे. इंजिन रेस करायचं, सायलेन्सरच्या तोंडापुढं पांढरा फडका धरायचा आणि त्यावर जो डाग पडतो त्यावरून निदान करायचं. पण लग्नात फडका आणणार कोण? सासूबाईंच्या पिशवीत एकच पांढरं कापड होतं. अंतरपाट!

"आवो, तो अंतरपाट हाय!"

"मग? त्याचं काम झालं की!"

धरला. रेस केली. फडक्यावर... अंतरपाटावर गोल काळा डाग. आप्पांनी तो डोळ्यांजवळ नेला, अगदी नाकाला लागेपर्यंत, आणि सांगितलं, "कोरडा काळा. हवा मिळंना हिला. नवरीला न्हाई, गाडीला!"

जाळीचं कापड आत ओढलं जाऊन हवेच्या पाइपच्या तोंडावर गच्च बसलं होतं. ते उपसून काढलं, धूर बंद.

बाकीच्या मुली लग्नाचा शालू जपून ठेवतात. माझ्या कपाटात अंतरपाट आहे. एका बाजूला कुंकवाचं स्वस्तिक, दुसऱ्या बाजूला सायलेन्सरचा शिक्का.

*

लग्नानंतर आप्पांनी मला आपणहून दिलेली पहिली शिकवणी धुराचीच.

"हे बघ सूनबाई, धूर तीन रंगाचा. पांढरा आला तर पानी न्हाईतर न जळलेलं डिझेल. निळा आला तर इंजिन ऑइल जळतंय, म्हंजी रिंगा गेल्या, इंजिन खोलायची तयारी. आन् काळा आला तर घाबरायचं न्हाई. काळा म्हंजी डिझेल जास्त, हवा कमी. खानं जास्त आन् दम कमी. आपल्या विकाससारखं."

विकास गाडीखालून म्हणाले, "ऐकू येतंय मला."

"ऐकू यावं म्हनूनच सांगतोय!"

त्याच आठवड्यात आईंनी मला फडके धुण्याचं खातं सोपवलं. आप्पांच्या जुन्या धोतरांचे चौकोनी तुकडे. घराच्या किल्ल्या द्याव्यात अशा गंभीरपणे त्या म्हणाल्या, "गरम पानी आन् सोडा. बास. साबनाचा वास ऱ्हायला न्हाई पायजे. आप्पांना चालत न्हाई."

मी विचारलं, "का?"

"काय म्हाईत बाई. आदी चालायचा. हे नवीनच निघालंय त्यांचं."

मी मान डोलावली. रुखवतात माझ्या बहिणीनं कपड्यांना वास येण्यासाठी घालायच्या लिक्विडची एक मोठी जांभळी बाटली ठेवली होती. ती मी तशीच स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिली.

*

केंदूरचा एक नवा नवरा पिकअप घेऊन आला. तक्रार अशी, की गाडी एरवी छान चालते, पण घरच्यांना घेऊन देवाला निघालं की काळा धूर ओकते.

विकासनी फिल्टर बघितला. स्वच्छ. चक्कर मारून आले. धुराचा पत्ता नाही. आप्पांनी फडका धरला. तो पांढराच राहिला.

"घरची किती मानसं?"

"दोघीच. आई आन् ही."

"वजनाच्या मानानं..." आप्पा विचारात पडले. "उद्या त्यांना घिऊन या."

दुसऱ्या दिवशी तिघं आली. पुढच्या एकाच लांब सीटवर खिडकीशी आई, मधे बायको, इकडं हा. गाडी आमच्यासमोरून वळून चढाला लागली आणि खरंच, काळा लोट! इंजिन घरघरतंय, धापा टाकतंय, पण हा पठ्ठ्या चौथ्या गिअरवरून खाली यायला तयार नाही.

आप्पा म्हणाले, "पंप बघावा लागंल." विकास म्हणाले, "नोझल दौंडला पाठवू."

मला खिडकीतून वेगळंच दिसत होतं. गिअरचा दांडा बरोबर नव्या नवरीच्या गुडघ्यापाशी होता. गिअर बदलायचा तर हात तिकडं न्यायचा, आणि शेजारी आई बसलेली! बिचारा गाव सोडताना एकदा चौथा टाकत होता तो थेट देवळापाशी उतरवत होता. चढ असो, खड्डा असो, दांड्याला हात नाही!

मी सासूबाईंच्या कानात सांगितलं. आई पदर तोंडाला लावून हसल्या, मग बाहेर गेल्या.

"आवो ताई, तुम्ही मधी बसा. सुनंला खिडकीशी बसू द्या. तिला मळमळत आसंल."

गाडी परत फिरली. चढाला गपकन तिसरा पडला, मग दुसरा. धुराचं नाव नाही!

आप्पा आईंना विचारायला लागले, "तू काय केलं?"

"टायमिंग सेट केलं," आई म्हणाल्या.

*

आप्पांचा एक जुना दोस्त आहे, दौंडचा. हमीदमामा. नोझल आणि पंप तपासायचं त्यांचं काम. आमच्या माहेरापासून चार गल्ल्या पलीकडं दुकान. नोझल थेंब थेंब गळायला लागलं की डिझेल नीट जळत नाही आणि गाडी काळा धूर टाकते. तसं नोझल आलं की आप्पांचा शेरा ठरलेला, "हमीदकडं पाठवा."

दिवाळसणाला आम्ही दोघं मोटारसायकलवर दौंडला निघालो. पिशवीत दोन सारखे स्टीलचे डबे. एकात आईंनी माझ्या माहेरासाठी दिलेले अनारसे, दुसऱ्यात हमीदमामांसाठी नोझल, फडक्यात गुंडाळलेली. विकासनी मला घरी सोडलं, एक डबा दिला आणि दुसरा घेऊन मामांकडं गेले.

इकडं माझ्या आईनं जावयाकडचा डबा कौतुकानं सगळ्या शेजारणींसमोर उघडला. आत काळी कुळकुळीत चार नोझल! एक शेजारीण हळूच म्हणाली, "शिरूरकडं पद्धत असंल."

तेवढ्यात डबा पोचवून परत आलेल्या विकासना हमीदमामांचा फोन. "अरे विकासशेठ, नोझल एकदम क्लास है! जाळी काय सुंदर पडलीय! दोन तर मी तपासता तपासता संपवले. आणखी आहेत का?"

*

हमीदमामाच डोळ्यांवरून आप्पांना सगळ्यात जास्त टोचायचे. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळं आमचीही सोय व्हायची.

"आप्पासाहेब, डोळा करून घ्या. न्हाईतर एक दिवस माझ्या दुकानात येऊन पंपाला 'सलाम हमीद' म्हनाल आन् मला पान्यानं खोलाल!"

"तुझ्यात खोलन्यासारखं हाय काय?" आप्पा फोन ठेवून द्यायचे.

शिरूरला डोळ्यांचं शिबिर होतं. आईंनी कसंबसं नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, लगेच काढा; मात्र नंतर काही आठवडे धूळ आणि धूर ह्यांच्यापासून लांब राहायचं. आप्पा खुर्चीतून उठलेच. "धुरापासनं लांब? मग गाड्या कोन बघनार?"

घरी आल्यावर गॅरेजमध्ये परत तोच वाद. "विकास बघंल की," आई म्हणाल्या.

"त्याला पाना कळतो. धूर कळायला येळ हाय अजून."

हे मी खिडकीतून ऐकलं आणि विकासनीही ऐकलं. ते नुसता पाना पुसत बसले, आधीच पुसलेला.

त्याच महिन्यात एका सकाळी आप्पा खिळ्याला टांगलेल्या विकासच्या कामाच्या डांगरीला बोलत होते. चांगले मोठ्यानं. "किती येळ नुसता उभा ऱ्हानार हायस? ट्रॅव्हलरचा फिल्टर कोन काढनार? तुझा बाप? बोल की!"

विकास चहाचा कप घेऊन मागून आले. "आप्पा, मी हिकडं हाय."

आप्पा आवाजाकडं वळले. मग डांगरीकडं बोट करून म्हणाले, "त्याच्याकडनं तरी काय तरी शिक. उलट बोलत न्हाई."

*

कारेगावहून कंपनीच्या कामगारांची बस आली होती. धूर काळा. सोबत एक तरुण इंजिनिअर, हातात स्कॅनर. स्वभावानं गोड मुलगा. म्हणाला, "आप्पा, तुम्ही आधी सांगा, मग मी मशीन लावतो. बघू जुळतंय का."

आप्पांनी फडका धरला. जवळ नेला. "टर्बोच्या पुढचा होज फाटलाय. हवा वाटंतच गळतीय."

त्यानं स्कॅनर लावला. हवेचा दाब कमी! होज हातानं चाचपला, तर खालच्या बाजूनं फाटलेला. मुलगा इतका खूश झाला की त्यानं आप्पांचे पाय धरले.

आप्पा मात्र दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी आईंना म्हणाले, "येवढंसं यंत्र, पन मी सांगितलं तेच बोललं. लगेच बोललं." मग जरा वेळानं, "पन त्याला वास येतो का? इचार त्याला. वास येतो का?"

आई म्हणाल्या, "कशाचा वास?"

आप्पा म्हणाले, "काय न्हाई. जेवायला वाढ."

मी ताट वाढलं. आप्पांच्या नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका होता. तो रोजच असायचा. आमच्या घरात सगळ्यांच्याच अंगावर कुठं ना कुठं काळं असतं, त्यामुळं कुणी बघत नव्हतं. पण फडके मी धुवत होते. पूर्वीच्या फडक्यांवर म्हणे नुसते गोल डाग असायचे. आताच्या प्रत्येक डागाच्या मधोमध अंगठा चोळल्याची खूण होती आणि तिच्याशेजारी सुपारीएवढी पुसट जागा.

अंगठ्याला तेलकट लागलं तर निळा. कोरडं लागलं तर काळा. कच्च्या डिझेलचा वास आला तर नोझल, नुसत्या काजळीचा आला तर हवा.

म्हणून एकही धूर चुकत नव्हता! मी भाकरी वाढली.

*

आता शेवटचा.

उसाचा सीझन भरात होता. मांडवगणचे बाळासाहेब ट्रॅक्टर घेऊन आले. मागं दोन मोकळ्या ट्रॉल्या, पुढं काळजीनं उतरलेला चेहरा. "आप्पा, धूर बघा. वावरात तोड चालू हाय, ऊस तुटून पडलाय. तुम्ही इंजिन खोलायचं म्हनला तर समदा तिथंच वाळंल."

"बघू तरी," आप्पा म्हणाले. "सूनबाई, फडका!"

मी खिडकीतून दिला. ट्रॅक्टर रेस झाला, कोंबड्या पळाल्या. आप्पांनी फडका धरला, मग नेहमीसारखा डोळ्यांजवळ नेला. नाकाला लागला.

आणि ते थांबले.

परत हुंगलं. अंगठा चोळला. परत हुंगलं.

बाळासाहेब म्हणाले, "काय म्हनतंय इंजिन?"

"गजरा घातल्यावानी वास येतोय तुझ्या इंजिनाला."

"आँ?"

आप्पा खिडकीकडं वळले. "सूनबाई, ह्यो फडका कशात धुतला?"

"गरम पाण्यात. सोडा घालून."

"आन्?"

"आणि शेवटी त्या वासाच्या बाटलीतलं एक टोपण."

मागून आई, "अगं, तुला सांगितलं व्हतं न्हवं!"

"दुसरा दे."

"सगळे त्यातच धुतलेत, आप्पा."

आप्पांनी अंगठा बोटावर घासला. "बोटालाबी तुळतुळीत लागतंय. त्याल हाय का तुझ्या बाटलीचा मऊपना हाय, कळंना." त्यांनी फडका उन्हाकडं उंच धरला. मग जवळ घेतला. मग लांब. बाळासाहेब त्यांच्या तोंडाकडं बघत होते. विकासच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला होता. त्यांना फडका तिथून स्पष्ट दिसत होता, मलाही दिसत होता. पण आप्पांच्या आधी रंग सांगायचा नाही, ही ह्या गॅरेजची रीत.

तेलकट म्हणाले तर इंजिन खोलणार. बाळासाहेबांचा ऊस वाळणार. आणि कोरडा म्हणाले, आणि चुकले, तर तो त्यांचा पहिला चुकलेला धूर.

ट्रॅक्टर नुसता धडधडत होता.

मग आप्पांनी हात खाली केला. फडका माझ्याकडं धरला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "रंग कसला हाय गं?"

मी म्हणाले, "काळा आहे आप्पा. कोरडा. कडेला तेलाचं वर्तुळ नाही."

"नक्की?"

"नक्की."

"विकास, तुला काय दिसतंय?"

"काळाच हाय, आप्पा. हवा कमी पडतीय. फिल्टर बघू आदी."

"बघू काय? काढ!"

विकासनी फिल्टरचं भांडं उघडलं. आतून पाचटाचा भुगा निघाला, पायाशी ढीग झाला. साफ केलं, नवा फिल्टर बसवला, ट्रॅक्टर रेस केला. मागचं आभाळ निळं दिसत होतं. बाळासाहेबांनी चहासुद्धा घेतला नाही, तसेच ट्रॉल्या खडखडवत सुटले.

आप्पा बाजेवर बसले. खिशातला रुमाल काढून त्यांनी नाकाचा शेंडा पुसला. सावकाश पुसला.

"विकास, त्या डॉक्टरीनबाईचा नंबर हाय का तुझ्याकडं?"

पहिला डोळा झाला, मग काही आठवड्यांनी दुसरा. तेवढे दिवस आप्पा घरात, काळा गॉगल लावून, गॅरेजकडं तोंड करून. गाडी आली की आतून ओरडायचे, "काळा का निळा?" आणि विकास बाहेरून सांगायचे. हळूहळू आप्पांनी "नक्की?" म्हणायचं सोडलं.

पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी आईंकडं बराच वेळ बघितलं. "तू कवा म्हातारी झालीस?"

"तुम्ही बघत नव्हता तवा," आई म्हणाल्या आणि कुकर लावायला आत गेल्या.

मग एका सकाळी आप्पा गॅरेजमध्ये परत आले. एक टेम्पो वाट बघत उभा होता. विकास फडका मागायला वळणार, तेवढ्यात आप्पाच खिडकीशी आले. "सूनबाई, फडका!"

मी दिला. त्यांनी सवयीनं आधी नाकाला लावला. गरम पाणी आणि सोडा, दुसरा कसलाही वास नाही.

"बाटली संपली व्हय?"

"हो, आप्पा. तेव्हाच संपली."

आप्पांनी गॉगल कपाळावर सरकवला. माझ्याकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागं, फळीकडं बघितलं.

"जांभळी हाय न्हवं ती?" आप्पा म्हणाले. "गळ्यापातुर भरल्याली?"